जित्या माणसाची विरासत

लग्न होऊन मी आदिलाबादला आले, त्याला आठवडाही झाला नव्हता. शेजारच्या भागाकाकीकडून आलेली वाटी परत द्यायला सासूबाईंनी मला पाठवलं. काकी परसात वांग्याच्या वाफ्यात वाकलेली होती. उंच, सावळी, हाडापेरानं मजबूत बाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी वाटी ओट्यावर ठेवली, वाकून नमस्कार केला आणि निघताना सवयीनं म्हणाले, "येते, काकी."

ती ताठ उभी राहिली. "काय म्हटलं?"

"येते म्हटलं."

"कवा येतं?"

मी उगाच पदर सारखा केला.

"येतो म्हटलं त कवा ते सांगा लागते. आता घरी जाऊन राह्यली ना? मंग 'जातो' म्हण."

आमच्या यवतमाळकडे निघताना कुणी 'जाते' म्हटलं तर बायका तिच्या तोंडावर हात ठेवतात. नव्या नवरीनं तर तो शब्द काढूच नये. मी कसंबसं 'जाते' म्हणाले आणि घरी येऊन रडले. सासूबाई म्हणाल्या, "तिचं मनावर घेऊ नको. तिचा नवरा 'येतो' म्हणून गेला. तवापासून तिले तो शब्द चालत नाही."

काकीचे यजमान गणपतराव बाजारहत्नूरकडचे. काळी, कसदार जमीन. कापूस आणि ज्वारी. भाऊ दोघं. वाटणी बापानं हयातीतच करून दिलेली, मालकीचे पट्टे वेगवेगळे. धाकटे किसनराव शेजारचंच शेत करायचे. रझाकारांच्या धामधुमीत सरहद्दीवरची माणसं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात पळत होती, तेव्हा गणपतरावांनीही बायकोला आणि लहानग्या इंदूला नदीपलीकडं, काकीच्या माहेरी नेऊन सोडलं. इकडे शेतात ज्वारी हुरड्यावर आली होती. "पाहून येतो," म्हणाले आणि परत नदीत उतरले. ते गेलेच.

पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामी संपली, पळालेली माणसं आपापल्या गावी परतली. काकीही परतली. घर उभं होतं. गणपतराव नव्हते. गावात कुणी सांगेना की त्यांना पाहिलं, कुणी सांगेना की नाही पाहिलं. इंदूला घेऊन ती आदिलाबादला, आमच्या शेजारी येऊन राहिली. परसात भाजी लावायची आणि बाजारात नेऊन विकायची. शेत किसनराव करत आणि सुगीनंतर ज्वारीची पोती गाडीत घालून पाठवून देत. त्यात त्यांनी कधी खाडा केला नाही.

दिराबद्दल ती वाईट बोलत नसे. एकदाच मेथी निवडता निवडता म्हणाली, "भावजी माणूस खोटा नाही. पण मी आली तवापासून माह्या डोळ्यात पाहत नाही."

नवऱ्याबद्दल मात्र ती रोज बोलायची, आणि तेही असं की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. 'त्याईले कारलं चालत नाही.' 'ते उजव्या कुशीवर झोपत नाही.' होतं, असायचं, असं काही नाही. कारल्याचा वेल परसात कधी चढला नाही. एकदा मी विचारलं, "काकी, इंदूला तर कारलं आवडतं, मग लावत का नाही?" ती माझ्याकडं बघतच राहिली, जणू मी घरात बसलेल्या माणसादेखत काहीतरी अभद्र बोलले.

वर्षातून दोन-चारदा तरी कुणी ना कुणी खबर घेऊन यायचं. गणपतरावांना माहूरच्या गडावर भगव्या कपड्यांत पाहिलं. नागपूरला गिरणीच्या फाटकाशी पाहिलं. कुणी खरंच चुकलेला असायचा, कुणी पोटासाठी आलेला. काकी प्रत्येकाला पाटावर बसवून जेवू घालायची. त्याचं पोट भरेपर्यंत एक अक्षर विचारायची नाही. तो हात धुवून आला की म्हणायची, "तुमी पाह्यलं तवा ते काय करून राह्यले होते?"

तो काहीतरी सांगायचा. बिडी ओढत होते, लाकडं उचलत होते, भाकर खात होते.

"कोण्या हातानं?"

माणूस गोंधळायचा आणि हमखास उजवा हात पुढं करायचा. काकी मान हलवायची, त्याच्या धोतरात मूठभर शेंगदाणे बांधून द्यायची आणि वाटेला लावायची. गणपतराव डावखुरे होते. हे साऱ्या आळीला ठाऊक होतं, पण खबर घेऊन येणाऱ्याला आळीतल्या कुणी सांगितलं नाही. ती फजिती आम्हाला बघवत नसे, तरी बोलत कुणी नव्हतं. त्या बाईचा एवढा एकच दरवाजा होता. त्याची कडी कुणी कशाला काढून द्यावी?

मी सरावले तसं काकी मला 'सुनबाई' म्हणून हाक मारू लागली आणि बाहेर जाताना बरोबर न्यायला लागली. बाजारात ती एकटी जायची. कचेरीत मात्र तिला सोबत लागायची. "तिथं सारे गडीमाणसंच राह्यते," म्हणायची. म्हणून तहसील कचेरीतला तो दिवस मी डोळ्यांनी पाहिला.

तिनं तोंडी अर्ज केला. शेतात एक विहीर आहे, ती बुजवलेली आहे, ती मला उघडायची आहे.

कारकून जुन्या काळातला, उर्दूत लिहिणारा म्हातारा होता. त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "पट्टा किसके नाम पे है?"

काकीनं नवऱ्याचं नाव घेतलं नाही, माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं, "गणपतराव."

"और तुम कौन होते अम्मा?"

"बायको."

"तो मालिक को भेजो. अर्जी मालिक देता."

"मालक कुठं हाये, तेच पाहायचं हाये मले."

कारकुनानं कलम खाली ठेवलं. तो वाईट माणूस नव्हता. समजावणीच्या सुरात म्हणाला, "अम्मा, मालिक जिंदा हैं तो तुम्हारा कुछ नहीं होता. गुजर गए तो तुम वारिस होते, फिर विरासत में तुम्हारा नाम लगता, फिर जो चाहे करो. मालिक हैं, के गुजर गए?"

काकी म्हणाली, "इहीर उघडल्याशिवाय कसं सांगू?"

कारकून तिच्याकडं पाहतच राहिला. मीही. त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं की ती ज्वारी-कापसासाठी शेत मागते आहे, इंदूच्या लग्नासाठी मागते आहे. परतताना लिंबाच्या सावलीला बसून तिनं मला सांगितलं. नदीपलीकडून परत आली तेव्हा शेतातली विहीर तिला दिसली नाही. जागेवर मातीचा उंचवटा होता, त्यावर टाकळा माजलेला. तिनं दिराला विचारलं, "इहीर काऊन बुजवली?" किसनराव खाली बघून म्हणाले, "बैल पडला होता, वैनी." एवढंच. त्या दिवसापासून त्यांनी तिच्या नजरेला नजर दिली नव्हती.

"पोलिसात नाही सांगितलं?"

"सांगितलं. ते म्हन्ते, त्या साली किती गेले बाई, कोणाकोणाच्या इहिरी उपसू? नवरा मेला असं लिहून दे, मंग पाहू." ती पदरानं मान पुसत होती. "सारे माह्या तोंडून तेवढंच काढून राह्यले."

वामनराव वकील तिला कुणीतरी सुचवले. बारीक, खोकणारे, कोटाची कोपरं विरलेली. पण बाईशी नीट बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

"बाई, तुमच्या यजमानांनी मृत्युपत्र केलेलं नाही. वाटणी झालेली आहे, मुलगा नाही. म्हणजे त्यांच्या पाठीमागं तुम्ही आणि मुलगी. भावाचा नंबर तुमच्यानंतर. कायदा सगळा तुमच्या बाजूनं आहे. फक्त एक अडचण."

"कोणती?"

"जित्या माणसाला वारस नसतो. ते जिते आहेत तोवर तुम्ही नुसती बायको. कोर्टात उभं राहायला ते मेलेले पाहिजेत."

"मले काई मालूम नाही ते मेले का जिते."

"ते मालूम नसलं तरी चालतं. सात वर्षं ज्याची खबर ज्यांना यायला हवी त्यांनाच आली नाही, तो मेला असं कोर्ट धरून चालतं. जिता आहे म्हणणाऱ्यानं मग तसं दाखवावं. सात वर्षं भरत आली आहेत. दावा टाकू."

दावा दाखल झाला. किसनरावांनी जबाब दिला: माझा भाऊ हयात आहे, त्याच्या वतीनं मी शेत सांभाळतो, तो आला की त्याचं त्याला देईन, माझ्या जित्या भावाची विरासत लावू नये. जबाब ऐकून काकीच्या चेहऱ्यावर आधी राग आला आणि मग एक विचित्र भाव आला. रस्त्यात म्हणाली, "पाह्य सुनबाई. मी म्हन्तो मेले, आन् ते म्हन्ते जिते. उलटं झालं ना?"

पेशीच्या दिवशी वामनरावांनी तिला बाजूला घेतलं आणि चाचरत सांगितलं, "कपाळ मोकळं ठेवून आला असता तर बरं झालं असतं." कुंकू होतं तसंच मोठं होतं.

समोरचा वकील तरुण होता, हैदराबादेहून शिकून आलेला. त्यानं पहिलाच प्रश्न तिथं घातला.

"बाई, नवरा मेला असं तुमच्या दाव्यात लिहिलं आहे. खरं ना?"

"वकीलसायबानं लिहिलं."

"मग कपाळावर काय आहे?"

"कुंकू."

"कोणाच्या नावाचं?"

कोर्टात हशा पिकला नाही. बाकावरचे म्हातारेसुद्धा मान खाली घालून बसले. काकीनं वकिलाकडं पाहिलंच नाही. ती मुन्सफसाहेबांकडं वळली आणि आमच्या परसात बोलावं तशा आवाजात म्हणाली, "साहेब, मले कोणी सांगितलं नाही पुसायले. पोलीस म्हन्ते तू सांग, तहसीलवाला म्हन्ते तू सांग. मी कोणाले विचारू? तेच विचारायले मी तुमच्यापाशी आली. तुमी म्हना, इथंच पुसतो."

मुन्सफसाहेब वयस्कर होते. ते मराठी बोलणं त्यांना कितपत समजलं देव जाणे. वामनराव उर्दूत सांगू लागले, पण साहेबांनी हातानंच थांबवलं. काही लिहिलं नाही. पुढची तारीख दिली.

तारखांवर तारखा पडल्या. त्या काळात सगळंच बदलत होतं. दावा टाकला तेव्हा आम्ही हैदराबाद राज्यात होतो. मध्येच ते राज्यच मोडलं. किनवट मराठी मुलखात गेलं, राजुरा गेलं, आदिलाबाद राहिलं आंध्रात. ह्यांच्या दुकानात लोक तासन् तास वाद घालायचे की आपण कुणीकडं जायला हवं होतं. वामनराव खोकत हसायचे. "राज्य मेलं आणि तीन वारस उभे राहिले. त्यांना कुणी विचारलं नाही, तुम कौन होते."

मग तो साक्षीदार आला. खेडोपाडी कापडाचं गाठोडं घेऊन फिरणारा एक माणूस, किसनरावांच्या बाजूनं. त्यानं शपथेवर सांगितलं की आदल्याच साली निर्मलच्या बाजारात चहाच्या टपरीवर एक जण भेटला. बाजारहत्नूरकडचा आहे म्हणाला, गणपत नाव सांगितलं. वय, अंगलट, सगळं जुळतं.

वामनरावांनी त्याला खूप खोदून विचारलं. माणूस डगमगला नाही. ते खाली बसले तेव्हा काकी माझ्या शेजारून उठली.

"मले एक विचारायचं हाये त्याईले."

तरुण वकील हरकत घ्यायला उठला. साहेब म्हणाले, "पूछने दो."

"तुमी चहा पेले तवा त्याईनं कप कोण्या हातात धरला होता?"

त्या माणसानं डोळे बारीक केले. मग म्हणाला, "डाव्या. मी म्हटलं बी त्याले, उजवा दुखते का? त हासला."

काकी उभ्याची उभी राहिली. माझ्या पलीकडं इंदू बसली होती, आता चांगली परकरातून लुगड्यात आलेली. ती आईकडं पाहत होती. वामनराव घाईघाईनं म्हणत होते की हा प्रश्न बाई सगळ्यांना विचारतात, अख्ख्या गावाला माहीत आहे, दिराला माहीत नसेल का? साक्षीदार पढवलेला आहे. समोरचा वकील ओरडत होता. साहेबांनी दोघांना गप्प केलं आणि काकीला विचारलं. वामनरावांनी मराठीत सांगितलं: "साहेब विचारतात, तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे? तुमचे यजमान आहेत, की नाहीत?"

इतकी वर्षं जो शब्द तिनं कुणाला दिला नव्हता, तो ती तेव्हा बोलली. "मेले, साहेब. लिहा."

किसनराव पलीकडच्या बाकावर होते. त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि तोंड फिरवलं.

बाहेर पडल्यावर मी काही विचारणार नव्हते. तीच बोलली. "खरं बोलला का खोटं, मले त्याच्या तोंडावरून समजलं नाही, सुनबाई."

"मग मेले कसं म्हणालात, काकी?"

"ते जिते असतीन त माह्या म्हटल्यानं का मरतात? पण मी नाही म्हटलं त इहीर उघडत नाही." आणि पाचदहा पावलांनंतर, माझ्याकडं न बघता, "मरत नाही ना?"

निकाल काकीच्या बाजूनं लागला. गणपतराव हयात नाहीत असं धरण्यात यावं. वारस, पत्नी आणि मुलगी. मधल्या काळात मुलींना हक्क देणारा नवा कायदा आला होता. वामनरावांनी खटपट करून इंदूचंही नाव लावून घेतलं. पण ते केव्हा मेले, हे कोर्टाला सांगता येणार नाही, असंही निकालात होतं. आमच्या भटजींनी तिथी विचारली, श्राद्धासाठी. काकी म्हणाली, "कोर्टानं तिथी देल्ली नाही." भटजींनी मग दुसरी वाट सांगितली. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे देह मिळाला नाही तरी क्रिया होते. अग्नी भावानं द्यावा. किसनरावांकडं निरोप गेला. उत्तर आलं, "जिता भाऊ मी जाळत नाही."

क्रिया तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकी आमच्या नळावर आली. तिच्या घरी नळ नव्हता, एरवी ती आळीतल्या विहिरीवर जायची. तिनं तोंड धुतलं, दोनदा धुतलं, आणि पदरानं कोरडं केलं. कुणी रडलं नाही, कुणी बांगड्या फोडल्या नाहीत. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, तिच्या कपाळाकडं पाहिलं आणि दाराची चौकट धरून तिथंच खाली बसल्या. काकी म्हणाली, "चाय ठेव ओ सुनबाई," आणि चहा पिऊन घरी गेली.

विरासत लागली. नव्या पट्ट्यावर तिचं नाव तेलुगूत होतं. ते तिला वाचता येत नव्हतं, मलाही नाही. उन्हाळ्यात रान मोकळं झालं तसं तिनं विहिरी खोदणारे वडर बोलावले. आमचे हे, मी, इंदू आणि पटवारी, असे आम्ही बाजारहत्नूरला गेलो. रान तापलेलं, पऱ्हाट्या उपटून ढीग घातलेले. काकीनं उंचवट्यावर स्वतः पहिली कुदळ मारली आणि बाजूला होऊन बसली.

दुसऱ्या दिवशी किसनराव आले. कुणी बोलावलं नव्हतं. लांब मोहाच्या झाडाखाली उभे राहिले. उन्हं कलली तरी ते हलले नाहीत, पाणीही प्यायले नाहीत. तिसऱ्या दिवशी वडरांनी वर हाक दिली. हाडं लागली होती. काकी उठली. इंदूनं माझ्या खांद्यात तोंड लपवलं. टोपली वर आली तेव्हा तिच्यात एक मोठी कवटी होती, एक शिंग शाबूत, आणि गळ्यातल्या दाव्याची लोखंडी कडी.

बैल होता.

किसनराव चालत आले. ती कडी त्यांनी हातात घेतली, अंगठ्यानं गंज खरवडला. "खणा," ते वडरांना म्हणाले. "खाली खणा. थांबू नका." त्यांचा आवाज फाटलेला होता. वडर खणत राहिले. काकी प्रत्येक टोपलीतली माती हातानं चाळत होती. थोड्या वेळानं किसनरावही तिच्या शेजारी बसून चाळू लागले. माती, मुरूम, गोटे. संध्याकाळी खडक लागला. खडकाच्या फटीतून पाणी पाझरू लागलं. त्याखाली काही नव्हतं.

काकी मातीनं भरलेले हात मांडीवर घेऊन बसली. "भावजी," ती म्हणाली, "बैलच होता त उघडून काऊन दाखवली नाही?"

किसनरावांनी पहिल्यांदाच तिच्याकडं पाहिलं. "वैनी, मी कुठं होतो इथं? मी निर्मलले, सासरवाडीत. वापस आलो त गडी म्हन्ते, बैल पडला, वास सुटला, माती लोटली. मंग तो गडीई हगवणीनं मेला. दादाचा पत्ता नाही, आन् इहीर बुजलेली. म्या कोणाले विचारू? मले बी तेच वाटे जे तुमाले वाटे." त्यांनी कडी खाली ठेवली. "तुमाले वाटे उघडावी. मले वाटे उघडू नये. उघडली नाही तोवर दादा हाये."

मग किसनराव हळूच म्हणाले, "आन् तो कापडवाला, वैनी, म्या पढवला नव्हता. त्याचा त्यो आला होता."

काकीचे मातीचे हात नुसते उघडे राहिले, ओंजळ धरावी तसे.

त्यानंतर ती वर्षभरात म्हातारी झाली. शेत तिच्याच नावावर राहिलं, करायचे पूर्वीसारखे किसनरावच. विहिरीला भरपूर पाणी लागलं. इंदूचं लग्न झालं. कन्यादान किसनरावांनी केलं, आणि लग्नपत्रिकेत वडिलांच्या नावामागं काय छापायचं यावरून छापखान्यात खोळंबा झाला. शेवटी नुसतं नाव छापलं. कुंकू तिनं परत लावलं नाही. सासूबाईंनी एकदा धीर करून विषय काढला, की आता विहिरीत काही नाही निघालं, तर... काकी म्हणाली, "कोर्टात शपथेवर सांगितलं मी. आता आरसा घेऊन बसू काय?" पण कारल्याचा वेलही तिनं लावला नाही. काही दिवस ती 'ते जेवत नाही' म्हणायची, काही दिवस 'जेवत नव्हते' म्हणायची, आणि प्रत्येक वेळी बोलणं अर्ध्यावर टाकून उठायची.

आमच्या मुलांच्या मराठी शाळेतले वर्ग कमी होत गेले. ह्यांनी दुकान विकलं आणि आम्ही किनवटला जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी काकीचा निरोप घ्यायला गेले तर घराला कुलूप. मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारस्टँडवर आमचं सामान टपावर चढत होतं आणि मला ती दिसली. असिफाबादकडं जाणाऱ्या गाडीत, खिडकीशी बसलेली. शेजारी किसनराव, मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकरी.

मी धावत खिडकीशी गेले. "काकी, कुठं?"

"बेज्जूरले," ती म्हणाली. "तिथं नदीवर लाकडाच्या अड्ड्यावर एक माणूस हाये म्हन्ते. भावजीले कोणी सांगितलं." आणि मग, मी काही बोलायच्या आत, जराशी ओशाळून, "पाहून त यायले पायजे ना."

किसनरावांनी मान डोलावली. त्यांना आता कमी दिसत होतं. त्यांनी मला ओळखलं की नाही कुणास ठाऊक. मी सांगितलं की आम्ही कायमचे चाललो. काकीनं खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या गालावर ठेवला. तळवा खरखरीत, ऊन होता.

कंडक्टर तिकिटं फाडत त्यांच्यापाशी आला. तेलुगूत त्यानं विचारलं, "एंत मंदी?" किती जण?

किसनरावांनी दोन बोटं वर केली आणि काकीकडं पाहिलं.

"जातानी दोन," काकी कंडक्टरला मराठीतच म्हणाली. "येतानीचं येतानी सांगू."

त्याला ते समजलं नाही. त्यानं दोन तिकिटं फाडून दिली आणि गाडी सुटली.